मूठ, बी आणि वारा

रेडिओच्या कामास इंग्रजीत जे ‘ब्रॉडकास्ट’ हे क्रियापद लावितात, ते मूळचे शेतकऱ्याचे आहे, हे आपल्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ‘ब्रॉड’ म्हणजे विस्तृत व ‘कास्ट’ म्हणजे फेकलेले. मुठीत बी घेऊन हात फिरवीत ते रानभर फोकणे, हा त्याचा प्रथमचा अर्थ होय. जोवर सर्वच लोक हाताने पेरीत होते, तोवर साधे ‘पेरणे’ पुरत असे. पुढे जेथ्रो टल याने सुमारे १७०१ साली इंग्लंडात पेरणीयंत्र केले, आणि ओळीने पेरणे निराळे व फोकणे निराळे असे सांगण्याची गरज वाढली. आपल्या देशावरील तिफण त्याहून पुरातन. म्हणूनच चाड्यावर मूठ धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील पेरणारा जरा निष्काळजी वाटतो. वाटेवर व काट्यांत बी कोण टाकील? परंतु तो नळीतून पेरीत नव्हता, फोकीत होता.

१९२२ साली लंडनात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली, तेव्हा हा शब्द शेतातून आकाशात गेलाच होता. त्या संस्थेचा पहिला मुख्य अधिकारी जॉन रीथ हा स्कॉटलंडातील एका पाळकाचा पुत्र. १९३२ साली तिची नवी इमारत उघडली, तिच्या दिवाणखान्यात एरिक गिल याने घडविलेला पेरणारा उभा आहे, आणि पेरलेल्या चांगल्या बियांचे चांगले पीक यावे अशी लॅटिन प्रार्थना तेथे कोरली आहे. मराठीतही प्रथम ‘ध्वनिक्षेपण’ म्हणत. त्यात फेकणे शिल्लक होते. ‘प्रसारण’ शब्दात ते राहिले नाही.

आता प्रश्न असा की, जो फोकतो तो पिकाबद्दल कितपत उत्तरदायी? कोणी म्हणेल, “बी कोठे पडेल हे माझ्या हाती नाही, जमिनीचा दोष मजवर का?” यात तथ्य आहे. बाजारात उपदेश करणाऱ्या बंधूने ऐकणाऱ्याच्या कठीण मनाबद्दल स्वतःस दोष लावून घेऊ नये. तथापि यावरून त्याचा भार हलका होतो असे मला वाटत नाही, उलट वाढतो. तिफणीचा शेतकरी चुकलेले तास पाहून पुन्हा पेरू शकतो. फोकणाऱ्यास आपले बी कोठे गेले हेच कळत नाही. सबब त्याच्या ताब्यात जी एक गोष्ट आहे, म्हणजे मुठीतले बी, ते त्याने अधिक निवडून घेतले पाहिजे. त्याच अध्यायातील निदणही कोणीतरी हातानेच पेरले होते, आणि कणसे येईपर्यंत ते गव्हासारखेच दिसले.

ही नुसती शब्दांची चर्चा नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारिले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे खोटे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पसरले होते. ते पुढे धाडणाऱ्यांपैकी कित्येकांनी काठीला हातही लाविला नसेल. लेकरांच्या काळजीनेच धाडिले असेल. पण हेतू चांगला म्हणून निदणाचा गहू होत नाही. हे बी मला कोणी दिले, त्याने ते स्वतः पाहिले होते काय, एवढे विचारावयास किती वेळ लागतो?

त्याच महिन्यात त्या कंपनीने हिंदुस्थानात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडिता येऊ नये असा निर्बंध जाहीर केला. मूठ लहान झाली. मुठीत काय आहे हे कंपनीस दिसत नाही, कारण ते संदेश धाडणारा व घेणारा यांखेरीज कोणास वाचिता येऊ नयेत अशीच त्यांची रचना आहे.