मागण्याआधीचे पान

श्रीदत्तात्रेयांचा नित्यक्रम आपली परंपरा सांगते, स्नान काशीत, भिक्षा कोल्हापुरी आणि निद्रा माहूरगडावर. आणि ज्याच्याकडे साऱ्यांनी मागावे तोच मध्यान्ही आपल्या प्रांतात झोळी घेऊन दारोदार मागत फिरतो, हा भाव एकदा मनात ठसला, की या भागातल्या घरात दुपारी मांडलेल्या पानाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. नृसिंहवाडीला येणारा प्रत्येक जण काही ना काही मागायला येतो, आणि त्यात गैर काही नाही. पण साधकहो, मागणाऱ्याला मागावे लागण्यापूर्वीच देणे ज्या कृतीत साधते, ती कृती म्हणजे पान मांडणे, आणि मला वाटते या क्षेत्रात तिचे चिंतन व्हावे.

पान मांडण्याची रीत आठवून पाहा. जमीन पुसून पाट ठेवायचा, पानाभोवती रांगोळीची महिरप काढायची, तांब्या-भांडे हाताशी ठेवायचे. मग पानाच्या वरच्या बाजूला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, आणि समोर मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण व तुपाची धार. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, म्हणून पुन्हा पुन्हा लागणारे पदार्थ उजवीकडे असतात. अधूनमधून चव घ्यायचे ते डावीकडे, आणि तेही थोडेथोडेच. आणि मीठ असे समोर, की आमटी अळणी लागली तर पाहुण्याने यजमानिणीला हाक न मारता, तिला न अवघडवता, चिमूटभर घ्यावे. पाहुण्याच्या जिभेवर येऊ शकणारा प्रत्येक शब्द आधीच ओळखून त्याचे उत्तर पानात ठेवलेले असते. अशा पानापुढे बसलेल्याला मागण्यासारखे काही उरत नाही.

नैवेद्याचे पान मात्र एका बाबतीत वेगळे असते. पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर ते ठेवतात, वर तुळशीचे पान ठेवतात, पण मीठ त्यात वेगळे वाढत नाहीत. याची कारणे निरनिराळी सांगतात. मला मात्र त्यात असा अर्थ दिसतो, की पाहुण्याच्या मागण्याची आपण काळजी वाहतो, पण देवाच्या बाबतीत तो आपल्या स्वयंपाकात काही उणे काढणारच नाही असा विश्वास धरतो. माणसापुढच्या पानात काळजी असते, देवापुढच्या पानात निःशंकता. आणि ही निःशंकता किती यथार्थ आहे, हे पाहायला वाडीहून नदीपल्याड जावे लागते.

पलीकडे अमरापूर, म्हणजे आजच्या औरवाडजवळचे अमरेश्वराचे स्थान. दत्तावतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर बारा वर्षे राहिले. 'गुरुचरित्रा'च्या अठराव्या अध्यायात त्यांच्या तिथल्या भिक्षेची कथा आहे: एक दरिद्री ब्राह्मण दांपत्य, ज्या दिवशी कोरान्न मिळत नसे त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर गुजराण करणारे, त्यांच्या घरी गुरू आले, आणि त्यांना वाढली गेली ती घेवड्याची भाजी. गुरूंनी ती तृप्तीने स्वीकारली, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. गृहिणी रडली, पण वेलाच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. कथा सांगताना आपण कुंभापाशी रेंगाळतो. मी त्या एका भाजीच्या पानापाशी थांबतो, कारण डावी-उजवी बाजू नसलेले ते पानही पूर्ण मांडलेले होते. घरात जे होते ते सारे त्यात आले होते, आणि मागे काही राखून ठेवलेले नव्हते. पदार्थांची संख्या ही पानाची शोभा खरी, पण पूर्णता या न राखण्यात आहे.

वाडीत पुजाऱ्यांच्या घरी उतरून तिथेच जेवण्याची यात्रेकरूंची जुनी रीत आहे. वाढणारा पंगतीतून फिरताना पानाकडे बघतो, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नव्हे, आणि पानातली रिकामी होत आलेली जागा त्याला काय हवे ते सांगते. जेवणाराही निव्वळ घेणारा नसतो. पहिला घास घेण्याआधी तो पानाच्या उजवीकडे चित्राहुती, म्हणजे अन्नाचे छोटे भाग अर्पण म्हणून, ठेवतो; म्हणजे मांडलेल्या पानाने त्यालाही दाता केलेले असते.

आज पाट गेले, घरोघरी डायनिंग टेबल आले. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते मधोमध भांडी ठेवून 'लागेल ते मागून घ्या' असे म्हणण्याने, कारण तिथे पाहुणा पुन्हा मागता होतो, आणि संकोची माणूस अर्धपोटी उठतो. तेव्हा पुढच्या वेळी घरी कोणी जेवायला येईल, तेव्हा त्याला हाक मारण्याआधी ताट पूर्ण वाढा, त्याच्या जागी स्वतः क्षणभर बसून पाहा, आणि हाताशी काय नाही ते आणून ठेवा.