स्थूल देह आणि सूक्ष्म दुःख

एका मुंजीच्या पंगतींतला प्रसंग आहे. माझ्या समोरच्या ओळींत अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. अंगानें चांगलीच स्थूल. वाढपी जिलब्यांचें ताट घेऊन तिच्यापुढें आला आणि यजमानीणबाई मागून म्हणाल्या, "वाढा, वाढा, लाजते आहे ती." तेवढ्यांत शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ आवाज चढवून म्हणाले, "अहो, तिला वाढाल तर मागच्या पंगतीला काय उरेल?" पंगत हंसली. मुलगीहि हंसली, किंबहुना सर्वांत मोठ्यानें तीच हंसली, आणि पानावर आडवा हात धरून तिनें जिलबी नाकारली. दुपारीं पाणी पिण्यासाठीं मी माजघराकडे गेलों, तों कोठीच्या खोलींत ती मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि एकामागून एक बुंदीचे लाडू खात होती. त्या खाण्यांत चवीचा लवलेशहि नव्हता. एखादें नकोसें काम घाईघाईनें उरकावें तसें तें चाललें होतें. माझी चाहूल लागतांच हातांतला लाडू तिनें परकराच्या ओच्यांत लपविला. मी कांहीं पाहिलेंच नाहीं असें दाखवून परतलों.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. पंगतींत जिलबी नाकारणारी मुलगी संयमी आणि कोठींत लाडू खाणारी मुलगी असंयमी, असा निवाडा करावयाचा काय? आणि केला, तर ज्या हंसण्यानें पहिलीची दुसरी झाली, त्या हंसण्याचा निवाडा कोणीं करावयाचा? स्थूलपणा हा शरीराचा दोष आहे कीं शीलाचा?

सर्वसाधारण सुशिक्षित माणसाचें उत्तर ठरलेलें असतें. मिताहार हा आपल्याकडे केवळ आरोग्याचा नियम नव्हे, तो सदाचाराचा नियम मानला गेला आहे. यावरून उलट दिशेनें अनुमान काढणें फार सोपें जातें. ज्याचें अंग सुटलें त्यानें जीभ जिंकलेली नाहीं. ज्यानें जीभ जिंकलेली नाहीं तो मनाचा दुबळा. आणि दुबळ्या मनास थोडी लाज आणिली तर त्याचें हितच होईल! या अनुमानांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. देहाचा आकार सर्वस्वीं इच्छेच्या स्वाधीन आहे ही एक, आणि लाज हें औषध आहे ही दुसरी. दोन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत.

पहिलीविषयीं आपल्या प्राचीन वैद्यांचें मत आजच्या लोकमतापेक्षां अधिक उदार होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांविषयीं आहे. अतिस्थूल हा त्यांतला एक. पण अतिकृशहि तेथेंच आहे, अतिउंच आणि अतिठेंगणाहि आहे. म्हणजे ही निंदा शीलाची नसून प्रमाण सुटलेल्या शरीराची आहे. स्थूलतेचीं कारणें सांगतांना जड व गोड आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोंप यांच्या जोडीला तेथें 'बीजस्वभाव' सांगितला आहे. आईबापांच्या बीजांतून आलेली प्रकृति ती हीच. शिवाय मेदानें मार्ग अडल्यामुळें कोष्ठांत कोंडलेला वायु जठराग्नि भडकवितो, आणि म्हणून स्थूल माणसाला भूक अधिकच लागते, असेंहि तेथें म्हटलें आहे. ही शरीरकल्पना आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाहीं. परंतु स्थूल मनुष्य भुकेचे लाड करणारा नसून पुष्कळदां तिनें पीडलेला असतो, हें त्या वैद्यांच्या ध्यानांत आलें होतें.

आधुनिक शास्त्र निराळ्या वाटेनें तेथेंच येऊन पोंचलें आहे. १९८६ सालीं डेन्मार्कमधील ५४० दत्तक गेलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या देहाच्या स्थूल-कृशतेचा संबंध जन्मदात्या आईबापांशीं दिसून आला. ज्यांच्या घरचें अन्न खाऊन तीं वाढलीं त्या आईबापांशीं दिसला नाहीं. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवरील संशोधनांतून, मेदांतूनच निघून मेंदूला 'पुरे' असें कळविणाऱ्या एका द्रव्याचा माग लाविला. त्याला लेप्टिन असें नांव मिळालें. तीन वर्षांनीं केंब्रिजच्या संशोधकांनीं एकाच कुटुंबांतील दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो होतें आणि दोन वर्षांच्या मुलाचें २९ किलो. हें द्रव्य त्यांच्या शरीरांत उपजतच तयार होत नव्हतें. पुढें त्या मुलीस तें टोंचून दिल्यावर तिची अनावर भूक ओसरली आणि वर्षभरांत वजन सोळा किलोंहून अधिक उतरलें. असे रोगी अत्यंत विरळ, हें खरें; पण त्यांच्यापासून मिळणारा धडा विरळ नाहीं. मुलगी तीच, शिकवण तीच. बदललें तें रक्तांतलें एक द्रव्य.

यावर कोणी म्हणेल कीं, वंशबीज कांहीं दोन पिढ्यांत पालटत नाहीं. मग स्थूल माणसें इतकीं वाढलीं कां? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत आपल्या देशांतील प्रौढ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाहून अधिक वजनाचे आढळले. आक्षेप रास्त आहे. बीज तेंच राहिलें, पण जमीन पालटली. काम बैठें झालें, वाटा चालण्याजोग्या राहिल्या नाहींत, साखर आणि तेल जागोजाग हाताशीं आलें. तथापि त्याच जमिनींत एक भाऊ सडपातळ राहतो आणि दुसरा सुटतो. सडपातळ भावानें आपल्या बांध्याचें श्रेय निग्रहाला द्यावें, इतकें त्याचें कर्तृत्व बहुधा नसतें.

एवढें झालें शरीराचें. पण त्या कोठीच्या खोलींतलें खाणें नुसत्या द्रव्यांच्या हिशेबानें उलगडत नाहीं. देहाची भूक आणि मनाची भूक यांचा घोटाळा कोठें सुरू होतो, याचा विचार हिल्डे ब्रूख या मनोवैद्य विदुषीनें फार खोलवर केला. जर्मनींत जन्मलेल्या या बाईंनीं हिटलरची राजवट आल्यावर देश सोडला, आणि पुढें न्यूयॉर्कमध्यें त्या स्थूल मुलांच्या अभ्यासास लागल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, भूक ओळखणें हें देखील शिकावें लागतें. मूल भुकेनें रडलें, थंडीनें रडलें, भयानें रडलें, तरी प्रत्येक वेळीं त्याच्या तोंडांत खाऊच घातला गेला, तर मोठेपणींहि त्याला आपल्या व्याकुळतेचीं निरनिराळीं नांवें सांपडत नाहींत. प्रत्येक उणीव पोटांतलीच वाटते.

हें वाचतांना आपलीं घरें डोळ्यांपुढें आल्यावांचून राहत नाहींत. आपल्याकडे प्रेम बोलून दाखविण्याची रीत नाहीं. तें ताटांत वाढलें जातें. मूल पास झालें कीं पेढा, आणि नापास झालें कीं, "जाऊं दे, आधीं दोन घांस खाऊन घे." भोपळ्यांत बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे, तींत लेकीकडे राहून लठ्ठ होणें हेंच लेकीच्या मायेचें माप आहे. तान्ह्याला बाळसें, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, जांवयाला आग्रह, असा हा मायेचा व्यवहार आहे आणि त्यांत निंद्य कांहींच नाहीं. विपरीत आहे तें पुढचें. जें घर आग्रहानें वाढतें, तेंच घर त्या देहाला नांवें ठेवतें. ज्या घरांत लंबोदराची पूजा होते, त्याच घरांत पोट सुटलेल्या मुलाला 'ढोल्या' म्हणून हांक मारली जाते. प्रेम आणि तिरस्कार एकाच ताटांत मिळूं लागल्यावर त्या मुलानें कोणतें खरें मानावें?

कधीं कधीं मेद हा सांत्वनाचा अवशेष नसून चिलखत असतो. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें व्हिन्सेंट फेलिटी हे वैद्य अतिस्थूल रोग्यांवर उपचार करीत असतां त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांचें वजन उत्तम प्रकारें उतरत होतें, तेच रोगी उपचार सोडून जात होते. विचारपूस करतां त्यांपैकीं अनेकांवर बालपणीं अत्याचार झाल्याचें कळलें. कोणाच्या नजरेंत भरूं नये म्हणून त्यांनीं देहाभोंवतीं तटबंदी उभारली होती, आणि वैद्य ती पाडूं पाहत होता. प्रत्येक स्थूल देहामागें अशी कहाणी असते असें मुळींच नव्हे. परंतु अशी कहाणी ज्याच्यामागें आहे, त्याला ती पंगतींत सांगतां येत नाहीं. म्हणून पंगतीनेंच आपली जीभ आवरणें योग्य.

आतां दुसरें गृहीत. लाजेनें माणूस सुधारतो काय? कृत्याची लाज माणसाला सुधारूं शकते, कारण कृत्य टाकून देतां येतें. देह टाकून देतां येत नाहीं. देहाची लाज वाटूं लागली म्हणजे माणूस लपतो. तो पोहावयास जात नाहीं, मैदानावर येत नाहीं, वैद्याकडे जाणें लांबणीवर टाकतो आणि चारचौघांत खाणें सोडून एकांतांत खातो. अमेरिकेंतील सहा हजारांहून अधिक प्रौढ माणसांना २००६ पासून चार वर्षें न्याहाळून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आरंभीं स्थूल नसलेल्यांपैकीं ज्यांनीं वजनापायीं मानहानि सोसल्याचें सांगितलें, ते इतरांच्या मानानें सुमारे अडीचपट प्रमाणांत पुढें स्थूल झाल्याचें दिसलें. औषध म्हणून दिलेली लाज रोगच वाढवीत असावी, असें मानण्यास येथें जागा आहे.

तरी हंसणें थांबत नाहीं. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो खातो, आणि काम करतां करतां झोंपी जातो. १८३६-३७ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचक त्याला हंसत आले. १९५६ सालीं अमेरिकेंतील कांहीं वैद्यांनीं, अतिस्थूलतेमुळें श्वास अपुरा पडून दिवसा झोंप अनावर होणाऱ्या एका रोग्याचें वर्णन केलें, आणि त्या विकारास पिकविकचेंच नांव दिलें. म्हणजे एकशें वीस वर्षें जी आळसाची गंमत वाटली, ती कदाचित् गुदमरणाऱ्या जीवाची धडपड होती!

अलीकडे आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि तिनें नीतिशास्त्रालाच विचारांत पाडावें. २०२१ सालीं अमेरिकेंत सेमाग्लुटाइड हें औषध स्थूलतेवर देण्यास मान्यता मिळाली. २०२५ पासून तें भारतांतहि त्यासाठीं मिळूं लागलें. आठवड्यास एकदां टोंचून घ्यावयाच्या या औषधाचे गुणदोष वैद्यांनीं पाहावे. मला महत्त्वाचें वाटतें तें तें घेणाऱ्या कित्येकांचें सांगणें. दिवसभर मनांत चालणारा खाण्याचा जप एकाएकीं थांबला, असें ते म्हणतात. हा जप आपल्याला जन्मभर ऐकूं आला नाहीं, यालाच आजवर आपण स्वतःचा संयम समजत आलों नाहीं ना? जो मोह झालाच नाहीं तो जिंकल्याचा अभिमान बाळगणें, ही वृत्ति धार्मिक दंभाहून फारशी निराळी नाहीं.

मग स्थूल माणसाची कांहींच जबाबदारी नाहीं काय? आहे. अतिस्थूलतेपाठोपाठ मधुमेह, हृदयविकार आणि सांधेदुखी येतात, हें लपविणें म्हणजे दया नव्हे. "कांहीं बिघडत नाहीं" असें म्हणणारा स्नेही चेष्टा करणाऱ्याइतकाच निरुपयोगी. परंतु दोषारोप आणि जबाबदारी या भिन्न गोष्टी आहेत. भाडेकरूला पदोपदीं हिणवून घराबाहेर काढण्याची धमकी दिली, तर तो भिंतीची डागडुजी करील काय? ज्या देहाचा तिरस्कार करावयास शिकविलें, त्याची काळजी घेण्याचा उपदेश व्यर्थ जातो. माणूस ज्याला आपलें आणि मोलाचें मानतो, त्याचीच जबाबदारी मनापासून उचलतो.

म्हणून घरापुरता नियम साधा आहे. ताटावर बसलेल्या माणसाच्या देहाविषयीं बोलूं नये. आग्रह करूं नये आणि घांसहि मोजूं नयेत. रडणाऱ्या मुलापुढें वाटी ठेवण्यापूर्वीं, काय झालें तें विचारावें.

त्या दुपारीं मी तें विचारलें नाहीं. मी मुकाट्यानें परतलों, तो माझा सभ्यपणा होता असें पुष्कळ दिवस मला वाटत असे. आतां वाटतें, ती भीति होती. मी विचारलें असतें, तर त्या मुलीनें मान वर करून माझ्याकडे पाहिलें असतें, आणि सकाळच्या पंगतींत मीहि हंसलों होतों हें तिला आठवलें असतें.