कपाटातील कागद

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला की संसार संपला, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो एका कपाटात कागदांच्या रूपाने शिल्लक राहतो. घराचे खरेदीखत, कर्जफेडीचे दाखले, मुदत ठेवींच्या पावत्या, जुनी आयकर विवरणपत्रे. ज्याच्या घरी ते कपाट राहिले, त्याच्या हाती दुसऱ्याची शेंडी सापडते.

माझ्या परिचयातील एक शिक्षिका विवाह मोडल्यावर माहेरी परतली. विवरणपत्र भरण्याचे दिवस आले तेव्हा तिला कळले, की आपल्या नावे काय आहे आणि कोठे आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही. आजवर सर्व पतीच भरीत असे. 'येथे सही कर' म्हटले की ती सही करीत असे. आपल्या देशात पती आणि पत्नी यांची विवरणपत्रे कायद्याने वेगवेगळीच असतात. एकत्र होती ती फक्त फाईल. तिने कागद मागितले. 'शोधून पाहतो' एवढाच निरोप आला आणि पुढे तोही येईनासा झाला.

कोणी म्हणेल, घटस्फोटितांच्या व्यवहाराची चर्चा आपल्या अंकात कशाला? ख्रिस्तसभा विवाहबंधन अभेद्य मानते, हे खरेच. तथापि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हेही स्पष्ट केले आहे, की विशिष्ट कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोटावाचून अन्य मार्गच नसेल, तर तो सहन करता येतो. त्यात नैतिक अपराध नाही. विभक्त झालेली माणसे आपल्याच धर्मग्रामातील आहेत. त्यांच्यासाठी आज्ञा वेगळ्या नाहीत.

दुसऱ्याचा कागद अडवून ठेवणे ही चोरी आहे काय? आपण पैसा घेतला तर त्याला चोरी म्हणतो; कागद दिला नाही तर त्याला राग म्हणतो. परंतु त्या कागदावाचून दुसऱ्याला आपला हिशेब खरेपणाने मांडता येत नसेल, तर आपण त्याच्या हक्काची वस्तू दाबून ठेवली आहे आणि सातवी आज्ञा तेथे लागू होते. यात पुरुषच दोषी असतात असे नाही; पत्नीने कागद लपविल्याची उदाहरणेही आपल्या पाहण्यात आहेत. मागणाऱ्याचा कागद देणे हा उपकार नव्हे. तो न्याय आहे.

सुदैवाने कागद हरवला तरी नोंद सहसा हरवत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका करसल्लागाराने तिला मार्ग दाखविला. पॅन क्रमांकाच्या आधारे फॉर्म २६ एएस आणि २०२१ पासून उपलब्ध झालेले वार्षिक माहिती विवरण मिळाले. शाळेकडून फॉर्म १६ ची दुसरी प्रत मिळाली. खरेदीखताची प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळाले. बँकेने खात्याचे जुने उतारे दिले. चार महिने गेले, चपला झिजल्या. पण फाईल उभी राहिली.

आणि त्या फाईलीने तिलाच प्रश्न विचारला. तिच्या पगारातून शिल्लक टाकलेल्या रकमेच्या दोन मुदत ठेवी निघाल्या. त्यांचे तीन वर्षांचे व्याज कोणत्याही विवरणपत्रात दाखविलेले नव्हते. नोटीस आलेली नव्हती. ती मला म्हणाली, "काका, विवरणपत्र त्यांनी भरले. पाप कोणाचे?"

प्रश्न सोपा नाही. तिला ठाऊक नव्हते, तोवर दोषाचा भार निश्चितच हलका होता. परंतु सही तिची होती आणि आता तिला ठाऊक झाले होते. अज्ञान ही सबब कळण्याच्या क्षणापर्यंतच चालते. करचुकवेगिरीला धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेखालीच घालतो. 'सरकारचे पैसे कोणाचेच नसतात' हा आपल्या चावडीवरचा युक्तिवाद तेथे टिकत नाही.

२०२२ साली आयकर कायद्यात अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. राहिलेले उत्पन्न स्वतःहून दाखवायचे, कर आणि व्याज भरायचे, शिवाय त्या दोहोंवर जादा कर द्यायचा: पहिल्या वर्षी २५ टक्के, तर चौथ्या वर्षी ७० टक्के. या वाटेने परतावा मागता येत नाही की कर कमी करून घेता येत नाही. 'माझ्याकडून येणे आहे' असे म्हणणाऱ्यालाच हे दार उघडते. मला त्या वेळी जक्कय आठवला. त्या जकातदाराने प्रभूला घरी घेतले आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. पश्चात्ताप त्याच्या अश्रूंवरून नव्हे, हिशेबावरून ओळखला गेला.

तिने बांगडी मोडून ती रक्कम भरली.

एक गोष्ट मात्र उरली होती. माहेरी येताना तिच्या ट्रंकेत पतीच्या विमा पॉलिसीची मूळ प्रत आणि सासूच्या घराच्या घरपट्टीच्या पावत्या चुकून आल्या होत्या. भाऊ म्हणाला, "राहू दे. तो देईल तेव्हा आपण देऊ." व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे चुकले असे कोण म्हणेल? तिने दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पाकीट स्पीड पोस्टाने रवाना केले. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. पोच आली, उत्तर आले नाही. तिचे मूळ कागद अजूनही त्या कपाटातच आहेत.

आपल्या विवाहपूर्व शिबिरांत प्रेम, क्षमा, प्रार्थना यांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. तेथे अर्धा तास कागदांसाठीही द्यावा. प्रत्येक महत्त्वाच्या दस्ताची प्रत दोघांकडे असावी आणि वाचल्यावाचून कोणी सही करू नये. यात अविश्वास नाही. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते, आणि विवरणपत्राखालची सही हीदेखील साक्षच असते. ज्या घरात दोघांना एकमेकांचा हिशेब ठाऊक असतो, तेथे प्रेम आंधळे राहत नाही. आणि दुर्दैवाने वाटा वेगळ्या झाल्याच, तरी निदान खरे बोलण्याची सोय दोघांच्याही हाती राहते.