पाखरांसाठी थोडे थांबणे



उन्हाळ्यात नाथसागराचे पाणी उतरते आणि काठची जमीन उघडी पडते. मुलाबाळांना घेऊन आपण थेट पाण्यापर्यंत जातो. त्याच उघड्या जमिनीवर टिटवी आणि नदी सुरय अंडी घालतात. घरटे म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा. अंडी मातीच्या रंगाची, म्हणून पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आपण जवळ गेलो की पक्षी ओरडत उठतो आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहतात.

१९८६ पासून जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे. तरी मनात येते, आम्ही काही अंडी फोडत नाही. एकट्याच्या जाण्याने असे काय बिघडते?

अमेरिकेतील योसेमिटी येथील गिर्यारोहकांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे बहिरी ससाणा उंच कड्यांच्या कपारीत अंडी घालतो. विणीच्या काळात असे काही कडे चढाईसाठी बंद ठेवतात आणि पिले उडाली की पुन्हा खुले करतात. कडा कायमचा कोणी हिरावून घेत नाही. फक्त थांबायला सांगतात.

नीतिशास्त्रात हेतूला मोठे स्थान आहे. पण पाखराला आपला हेतू दिसत नाही. त्याला फक्त आपली पावले दिसतात. आणि आपण एकटे असे कधीच नसतो. प्रत्येक जण ‘मी एकटाच’ म्हणतो, आणि पाखराला दिवसभर उठावे लागते. जोवर ठाऊक नव्हते तोवर ती चूक होती. ठाऊक झाल्यावर तिला निष्काळजीपणा म्हणावे लागेल.

येथे न्यायाचाही विचार हवा. मासेमारी करणाऱ्याचे पोट या पाण्यावर आहे. आपण मात्र विरंगुळ्यासाठी जातो. ज्याला थांबणे सोपे, त्याने आधी थांबावे. आपण सहल सोडायला तयार नसू, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे: पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेल्या आईला धरू नये. आईबापांचा मान राखणाऱ्यांना जे दीर्घायुष्याचे वचन दिले आहे, तेच येथेही दिले आहे. इतक्या लहान गोष्टीला देवाने एवढे मोल दिले.

उपवासकाळात आपण हक्काचा घासही बाजूला ठेवतो. या उन्हाळ्यात पाण्याची कडाही थोडी दूर ठेवू या. मुलांना पक्षी लांबूनच दाखवू या आणि का थांबलो तेही सांगू या.