आधी विचारा



बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात मागे राहिला. मरिया व योसेफ तीन दिवस त्याला शोधत होते (लूक २:४१-५२). त्या तीन दिवसांत आईबापांच्या मनात काय काय येऊन गेले असेल, हे ज्यांचे मूल रात्री उशिरापर्यंत घरी परतलेले नाही, त्यांनाच विचारावे.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात व्हर्नोनिया नावाचे छोटे गाव आहे. १९८०च्या दशकात तेथील सरकारी शाळेत अमली पदार्थ शिरले. शाळेने खास वर्ग घेतले, वक्ते बोलावले, हुंगणारा कुत्रासुद्धा आणला. काही उपयोग होईना. शेवटी १९८९ साली नियम झाला की, ज्याला खेळायचे आहे त्याने लघवीची तपासणी करून घ्यावी. १९९१ साली सातवीतल्या एका मुलाला फुटबॉल खेळायचा होता. त्याच्यावर कोणाचाही संशय नव्हता. त्याच्या आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केली नाही व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ साली सहा विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली.

पुढे ओक्लाहोमातील टेकम्से येथे हाच नियम गायनवृंद, बँडपथक अशा उपक्रमांनाही लावला गेला. २००२ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही मान्य केला. अहवाल पोलिसांकडे जात नव्हता, गुणांवरही परिणाम होत नव्हता, हे शाळेच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु मूल शौचकुपीत असताना बाहेर उभे राहून आवाज नीट येतो का, हे शिक्षकाने ऐकायचे होते! ज्या शाळेत गाणे शिकायचे, तेथील शिक्षकांनाच हे काम. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली: अशा उपक्रमांत रमणारी मुले मुळात व्यसनाकडे कमी वळतात. म्हणजे जाळे टाकले तेही भलत्याच ठिकाणी.

ख्रिस्तसभा व्यसनाला सौम्य मानत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (२२९१) औषधोपचाराखेरीज अमली पदार्थांचे सेवन गंभीर अपराध ठरवतो. आईबापांची भीती खरी आहे, शिक्षकांचीही. आणि ही गोष्ट सरकारी शाळांपुरतीच आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. विनाकारण झडतीपासून संरक्षण देणारी अमेरिकन राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती सरकारला बांधते. खाजगी कॅथलिक शाळांना ती लागू होत नाही. तेथील काही कॅथलिक शाळांनी मुलांच्या केसांची तपासणी सुरू केली, तेव्हा त्यांना अडवणारे हे कलम नव्हते. तेथे न्यायाधीश नसतो. मुख्याध्यापकाची व पालकांची सदसद्विवेकबुद्धी तेवढी असते. ज्यांची नातवंडे तिकडे शिकतात त्यांनी फोनवर बोलताना हा विषय जरूर काढावा.

संशयाला कारण असेल तर तपासणी करावी, असे मला वाटते; कधी त्यानेच जीव वाचतो. पण कारण नसताना सगळ्यांनाच रांगेत उभे करणे वेगळे. पापनिवेदनाच्या जाळीआड बसणाऱ्या धर्मगुरूला एवढे ठाऊक असते की मूल आपणहून आले तरच बोलते, ओढून आणले तर गप्प बसते.

मरियेने मंदिरात मुलाला पाहिले, तेव्हा तिने त्याची पिशवी उलटी केली नाही. तू असे का केलेस, असे सरळ विचारले आणि स्वतःला झालेले दुःखही सांगितले. त्याने दिलेले उत्तर तिला कळले नाही, असे लूक लिहितो. तरीही त्याला घेऊन ती नाझरेथला गेली, आणि ते सारे तिने आपल्या अंतःकरणात ठेवले.