सगळं जिद्दीच्या खात्यावर नको

२४ ऑगस्ट २०१९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे मानसी जोशीने पारुल परमार यांना २१-१२, २१-७ असं हरवलं आणि पॅरा-बॅडमिंटनच्या एसएल-३ गटात महिला एकेरीचं जगज्जेतेपद मिळवलं. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात पी. व्ही. सिंधू जगज्जेती झाली. सिंधूची बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली. मानसीची पोचायला काही दिवस लागले. पोचली तेव्हा कौतुक भरभरून झालं आणि त्याचा सूर सगळीकडे एकच होता: पाय गेला, पण जिद्द गेली नाही.

त्या जिद्दीबद्दल दुमत असण्याचं कारणच नाही. २ डिसेंबर २०११ रोजी मुंबईत दुचाकीवरून कामावर जाताना तिला ट्रकची धडक बसली. योग्य उपचार सुरू व्हायला कित्येक तास गेले. पाय वाचवायची खटपट झाली, पण अखेर डावा पाय कापावा लागला. तेव्हा ती २२ वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनिअर होती. तिथून जगज्जेतेपदापर्यंत यायला मन घट्ट लागतंच.

तरीही अशा कारकिर्दीचं सगळं श्रेय आपण जिद्दीच्या खात्यावर टाकतो, तेव्हा दोन अन्याय होतात. एक तर जे पोचले नाहीत, त्यांची जिद्दच कमी पडली असं न बोलता ठरून जातं. दुसरं म्हणजे, पोचण्यासाठी इतरांनी जे करायला हवं होतं, त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

मानसीची वाट नीट पाहिली तर हा हिशेब दिसू लागतो. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ, त्यामुळे बालपण अणुशक्तीनगरात गेलं. वडिलांनीच लहानपणी हातात रॅकेट दिली. म्हणजे पाय जाण्यापूर्वी मनगट तयार होतं. अपघातानंतर, २०१२ मध्ये, कंपनीतल्या स्पर्धेत ती कृत्रिम पायावर उतरली आणि जिंकली. पॅरा-बॅडमिंटन नावाचा खेळ देशात खेळला जातो, त्यासाठी निवड होते, हे तिला दुसऱ्या एका पॅरा खेळाडूकडून कळलं. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचं रौप्य आलं, २०१७ मध्ये एकेरीचं कांस्य. २०१८ मध्ये हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी सुवर्ण. घर, नोकरी, कोर्ट, माहिती देणारा माणूस, प्रशिक्षक: यातली एक कडी निखळली असती तर तीच जिद्द तिला कुठवर नेती?

खेळ पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. एसएल-३ म्हणजे पायांचं अपंगत्व जास्त असलेल्या, उभं राहून खेळणाऱ्यांचा गट. एकेरीत त्यांना अर्धं कोर्ट असतं: रुंदी निम्मी, लांबी मात्र पूर्ण. त्यामुळे बाजूला पळणं कमी होतं आणि सगळा डाव पुढे-मागे चालतो. प्रतिस्पर्धी जाळ्याजवळ एक हलका ड्रॉप टाकतो आणि लगेच पुढचं फूल मागच्या रेषेवर उचलतो. गुडघ्याच्या वरून पाय कापलेल्या माणसाला पुढे झेपावल्यावर उलट पावली मागे येणं सगळ्यात अवघड. गुडघा यंत्राचा, जमिनीचा स्पर्श तळव्याला कळत नाही. तोल कमरेने आणि मांडीने सांभाळायचा. घाम आला की कृत्रिम पायाचं सॉकेट सरकतं, घासतं, कातडी सोलवटते. अशा वेळी सॉकेट बनवणारा तंत्रज्ञ हा प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा माणूस असतो. त्याचं नाव कुठल्याही सत्काराच्या पत्रिकेवर नसतं.

आणि टोकियो? बॅडमिंटन पहिल्यांदाच पॅरालिम्पिकमध्ये आलं, भारताने दोन सुवर्णांसह चार पदकं जिंकली. पुरुषांच्या एसएल-३ एकेरीचं सुवर्ण प्रमोद भगतने आणलं. महिलांची एसएल-३ एकेरी मात्र कार्यक्रमपत्रिकेतच नव्हती. जगज्जेतीला तिचा हक्काचा सामना खेळायला मैदानच मिळालं नाही. पारुल परमार टोकियोत एकेरी खेळल्या, पण एसएल-४ मध्ये, म्हणजे कमी अपंगत्व असलेल्या खेळाडूंसमोर आणि पूर्ण कोर्टावर. महिलांची एसएल-३ एकेरी पॅरिसमध्ये, २०२४ साली आली. मानसी तेव्हा ३५ वर्षांची होती. गटातले दोन्ही सामने तिसऱ्या गेमपर्यंत गेले आणि दोन्ही हातचे निसटले. ऐन बहरातली वर्षं वाट पाहण्यात गेली, ती कुठल्याही निर्धाराने परत येत नाहीत. कुणाला खेळू द्यायचं हे टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. पॅरिसमध्ये पुरुष एसएल-३ चं सुवर्ण जिंकणारा नितेश कुमार २००९ च्या रेल्वे अपघातात पाय गमावून बसला होता. वानवडीच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात तो आला, तेव्हा चाळिशी ओलांडलेली, हातपाय गमावलेली माणसं त्याला फुटबॉल खेळताना, सायकल चालवताना, धावताना दिसली. पुन्हा खेळता येईल हा विश्वास तिथे बळावला, असं तो सांगतो. १९४४ पासून चालत आलेल्या एका संस्थेने त्याला पायाबरोबर सोबतही दिली. लष्कराने आपल्या जवानांसाठी जी व्यवस्था उभी केली, तिच्यातून खेळाडू घडले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात देशाचं पहिलं सुवर्ण घेऊन आले, तेही सैनिकच. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. कौतुक किती उशिरा येऊ शकतं, तेही त्यातून कळतं.

मी येरवड्यात राहतो. नदीपलीकडे खडकीत जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात याच पुण्याच्या छावणीत बांधले गेले. इतका वारसा उशाशी असताना, येरवड्याच्या वस्तीतल्या, वर्दी नसलेल्या घरातल्या मुलीचा पाय उद्या अपघातात गेला तर तिची वाट कशी असेल? लोखंडी जिना उतरून ती गल्लीत येईल. गल्लीत दुचाक्या लावलेल्या, फुटपाथ मध्येच तुटलेला, चेंबरची झाकणं वर आलेली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायचं कसं? आणि पोचलीच एखाद्या हॉलवर, तर दारातल्या पायऱ्या चढल्यावर कुणी विचारील का, की तुझा गट कोणता, सरावाला कधी येतेस?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यातलं ३० वं कलम खेळाविषयीच आहे: दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावं म्हणून सरकारने आणि क्रीडा यंत्रणांनी सुविधांची आखणी बदलावी, असं ते सांगतं. म्हणजे हा उपकाराचा मामला नाही, कायदेशीर जबाबदारी आहे. ती पार पाडायला फार मोठा पैसाही लागत नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या प्रत्येक बॅडमिंटन हॉलला रॅम्प आणि व्हीलचेअर वळेल असं स्वच्छतागृह, आठवड्यातले ठरावीक तास पॅरा खेळाडूंसाठी राखीव, पॅरा-बॅडमिंटनचे गट ओळखणारा एक प्रशिक्षक, आणि कृत्रिम पाय बसवल्यावर रुग्णाच्या हातात जवळच्या मैदानाचा पत्ता. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि बहुधा सर्वांत मोलाची.

मानसीला २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाने बाळगावा. पण तिच्यासारखी पुढची खेळाडू असामान्य असायलाच हवी, ही अट आता आपण काढून टाकली पाहिजे. साधारण जिद्दीच्या, साधारण घरातल्या मुलीलाही रोज संध्याकाळी कोर्टावर जाता आलं पाहिजे. ती जगज्जेती होते की नाही, हा तिचा प्रश्न. तिला कोर्टापर्यंत जाता येतं की नाही, हा मात्र आपल्या प्रभागाचा, महापालिकेचा आणि आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नगरसेवकापासून क्रीडा अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे नावानिशी मागायला हवं.