मूर्ख कोण?

गॅनेट हा उत्तर अटलांटिकमधला पांढराशुभ्र समुद्रपक्षी. पंखांचा पसारा जवळपास 6 फूट. माशासाठी 100 फुटांवरूनही समुद्रात थेट सूर मारतो. स्कॉटलंडजवळच्या बास रॉक या एका खडकावर लाखभर गॅनेट दाटीवाटीने घरटी करतात. अशा पक्ष्याचं शास्त्रीय नाव ‘मोरस’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मूर्ख! त्याच्याच कुळातला ‘बूबी’ पावसाळी वादळात भरकटून कधीकधी आपल्या कोकण किनाऱ्यावर येतो. त्याचं नावही ‘बावळट’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलं असं मानतात.

मूर्ख का? तर माणूस जवळ आला तरी हे पक्षी घरट्यावरून हलत नसत आणि सहज मारले जात. मारणाऱ्यांनी वर नावही ठेवलं.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. नात्यातल्या एका निवृत्त काकांना फोनवरून कुणीतरी फसवलं. आमच्या कोल्हापुरात अशी बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. येणारा जाणारा एकच विचारायचा, “ओटीपी दिलाच कसा?” चोराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काका आता ओळखीच्यांचेही फोन उचलत नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘झीरो ट्रस्ट’ नावाचं तत्त्व आहे: आतून आलेली रिक्वेस्टही तपासल्याशिवाय मान्य करायची नाही. सर्व्हरसाठी ते बरोबरच. पण सर्व्हरला पिल्लं नसतात. पक्षी उडाला तर अंडं गार पडतं, नाहीतर दुसरा पक्षी ते पळवतो. बसून राहणं हा त्याचा बावळटपणा नाही, तो त्याचा संसार आहे.

वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही बेटं आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात. सूपसाठी या घरट्यांची तस्करी होत होती. 2001 च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी ती उजेडात आणली, तिच्याविरुद्ध काम केलं. पाकोळीने जागा चुकीची निवडली, असं ते म्हणाले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग लोकांना सावध राहायला शिकवायचंच नाही का? शिकवायचं, जरूर शिकवायचं. पण सावध नसणं हा गुन्हा नाही. गुन्हा दुसऱ्याने केलेला असतो. मराठीत ‘भोळा’ असा वेगळा शब्द आहे. महादेवालाही आपण भोळा म्हणतो, मूर्ख म्हणत नाही. तेवढा फरक माणसांच्या बाबतीतही करता येईल. “दिलाच कसा?” याच्याआधी “घेतलाच कसा?” असं विचारता येईल.